ट्यूब प्रीअँप घ्यायचाय, पण कुठला? (मुक्काम जळगाव, व्होल्टेज रामभरोसे)

पिंप्राळेकर

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसता वाचतोय, आज अडलंय म्हणून धागा काढतो.

सिस्टीम अशी: लॅपटॉप, त्याला डॅक (डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग करणारा डबा), तिथून थेट पॉवर अँप (ट्रान्झिस्टरचा, साठ-साठ वॅट) आणि बुकशेल्फ स्पीकर. आवाज लॅपटॉपवरूनच कमी-जास्त करतो. वडिलांच्या एलपी माळ्यावरून खाली उतरवल्यात, दिवाळीपर्यंत टर्नटेबलही येईल. खोली बारा बाय चौदा, वर थेट स्लॅब. मे महिन्यात तिथे काय होतं ते इथल्यांना सांगायला नको.

मधे एक ट्यूब प्रीअँप (पॉवर अँपच्या आधी सिग्नल सांभाळणारा, ट्यूबवर चालणारा डबा) टाकावा असं फार दिवसांपासून मनात आहे. बजेट चाळीस हजार, ताणून पन्नास. ऑनलाइन मिळणारा ६जे१ ट्यूबचा छोटा चिनी बफर आहे, तो अगदीच स्वस्त. १२एएक्स७ आणि १२एयू७ वाला तयार इम्पोर्टेड डबा आहे, त्यात फोनोही (टर्नटेबलचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग) येतो. आणि पुण्यात एक जण ऑर्डरप्रमाणे ६एसएन७ चा प्रीअँप हाताने बांधून देतात, त्यांच्याशी फोनवर बोललोय.

घरचं व्होल्टेज मीटर लावून बघितलंय. संध्याकाळी १९५-२००, मध्यरात्रीनंतर २५०-२५५. कुठला घेऊ?

झटका४४०

काय भो, तुनाजोडे पैसा जास्ती व्हई ग्यात का? साउंडबार ली ले, बाकीना पैसास्नी शेवभाजी खाऊत.

(हलके घ्या. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

सोल्डरकाका

पिंप्राळेकर, डबे नंतर बघू. आधी आकडे द्या. डॅकमधून जास्तीत जास्त किती व्होल्ट बाहेर पडतात? पॉवर अँपला पूर्ण साठ वॅट द्यायला इनपुटला किती व्होल्ट लागतात? त्याचा इनपुट इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) किती? पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर असतं हे सगळं.

पिंप्राळेकर

काका, शोधलं. डॅक २ व्होल्ट, आउटपुट इम्पिडन्स १०० ओहम. पॉवर अँपची सेन्सिटिव्हिटी १.२ व्होल्ट, इनपुट इम्पिडन्स २२ किलोओहम. यातून काय कळतं?

सोल्डरकाका

निम्मं उत्तर कळतं. तुमच्याकडे सिग्नल आधीच गरजेपेक्षा जास्त आहे. २ व्होल्ट येतात आणि १.२ ला अँप काठोकाठ भरतो. म्हणजे तुम्हाला वाढवणारं काही नकोय, कमी करणारं हवंय.

आता व्हॉल्व्हचं, म्हणजे ट्यूबचं बघा. १२एएक्स७ चा साधा एक स्टेज सिग्नल पन्नास-साठ पट करतो. १२एयू७ किंवा ६एसएन७ धरला तरी चौदा-पंधरा पट. पंधरा धरू. अँपला १.२ व्होल्ट हवे तर व्हॉल्व्हच्या तोंडाशी ०.०८ व्होल्ट पुरतात. म्हणजे डॅकच्या २ व्होल्टचा पॉटने (आवाजाच्या नॉबने) पंचविसावा हिस्सा करायचा आणि मग व्हॉल्व्हने पंधरापट करायचा. घागर भरायला पाच एचपीची मोटर लावण्यातला प्रकार. शिवाय हा हिशोब पूर्ण आवाजाचा झाला. रात्री हळू ऐकताना पॉट आणखी कितीतरी खाली असेल.

त्याचा त्रास कानाला होतो. नॉब जेमतेम सात वाजल्यापासून नऊ वाजेपर्यंत फिरतो आणि आवाज असह्य होतो. साध्या पॉटचे डावा-उजवा भाग त्याच पट्ट्यात सगळ्यात जास्त फरक दाखवतात, त्यामुळे गायक एका स्पीकरकडे सरकतो. आणि व्हॉल्व्हची स्वतःची सू-सू पॉटच्या नंतर जन्माला येते, त्यामुळे आवाज कमी केला तरी ती तेवढीच राहते.

जुन्या काळी एवढा गेन, म्हणजे सिग्नलची एवढी पट, लागायचाच. मरँट्झ ७, मॅकिन्टॉश सी२२ हे जुने प्रीअँप आले तेव्हा घरात रेकॉर्ड आणि ट्यूनर, दोन्हींचे सिग्नल लहान. १९८२ ला सीडी आली आणि २ व्होल्टचा रिवाज पडला. सोर्स मोठा झाला, पण कित्येक बनवणारे अजून जुनेच सर्किट नवीन डब्यात घालतात. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न व्हॉल्व्ह कुठला हा नको, लाइन इनपुटचा गेन किती हा विचारा. तुमच्यासाठी एक ते तीन पट. त्याच्या वर गेलं की फोन ठेवून द्या.

मोजूनमापून

काकांना अनुमोदन, पण मी एक पाऊल पुढे जातो. या सिस्टीमला प्रीअँपच लागत नाही. एका छोट्या डब्यात चांगला १० किलोओहमचा स्टिरिओ पॉट बसवा, दोन आरसीए आत, दोन बाहेर. १० के पॉटचा आउटपुट इम्पिडन्स जास्तीत जास्त अडीच किलोओहम होतो, तोही मधल्या एका जागी. समोर २२ के आहेत. वायर मीटरभर ठेवली की विषय संपला. यात विरूपण नाही, घूंघूं नाही आणि वीजही लागत नाही.

ती 'ट्यूबची ऊब' मुख्यतः पॉवर अँपमधून येते. तिथे आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो, आउटपुट इम्पिडन्स जास्त असतो, त्यामुळे स्पीकरच्या इम्पिडन्सप्रमाणे फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स वरखाली होतो आणि कानाला तो फरक चटकन कळतो. नीट बनवलेला ६एसएन७ चा लाइन स्टेज दीड-दोन व्होल्टला इतका स्वच्छ असतो की डोळे बांधून ओळखणं मुश्कील. आणि जो ओळखू येतो तो बहुधा नीट बनवलेला नसतो.

नगरदेवळेकर_सध्या_पुणे

मोजूनमापून, हे तुमचं नेहमीचं आहे, पण मी स्वतः ऐकून सांगतो. माझ्याकडे शीट कंपनीचा फ्रेया प्लस प्रीअँप आहे. त्यात पॅसिव्ह, बफर आणि ६एसएन७ ट्यूब असे तीन मोड, रिमोटवर बदलता येतात. ट्यूब मोडला घातलं की तानपुरा खोलीभर पसरतो. पॅसिव्हला तो स्पीकरमध्येच बसून राहतो.

मोजूनमापून

ट्यूब मोडला गेन आहे, पॅसिव्हला नाही. म्हणजे बटण दाबलं की आवाज मोठाच होतो, आणि मोठा आवाज प्रत्येकाला भरदार वाटतो. एक किलोहर्ट्झचा टोन लावून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर धरा, दोन्ही मोडला व्होल्टेज सारखं करा, मग घरातल्या कुणालातरी न सांगता बटण दाबायला सांगा.

नगरदेवळेकर_सध्या_पुणे

केलं तसं. बायकोने बटण दाबलं. फरक बराच कमी झाला हे खरं. पण गेला नाही. मला अजूनही ट्यूबच आवडतो, बास.

धुळेकरीण

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, त्यामुळे वादात न पडता राहिलेला आकडा पूर्ण करते. गेनइतकाच महत्त्वाचा आहे प्रीअँपचा आउटपुट इम्पिडन्स, कारण पिंप्राळेकरांच्या अँपचा इनपुट २२ के आहे. जुन्या ट्यूब अँपचे इनपुट १०० के किंवा त्याहून जास्त असायचे. ट्रान्झिस्टरचे बरेच अँप १० ते ४७ के मध्ये येतात. इथे जोडी फसते.

ढोबळ नियम असा की पुढच्याचा इनपुट मागच्याच्या आउटपुटच्या निदान दहापट हवा. १२एएक्स७ च्या प्लेटवरून थेट सिग्नल काढला आणि प्लेट रेझिस्टर १०० के असेल तर आउटपुट इम्पिडन्स ३८ के च्या आसपास येतो. समोर २२ के. अर्ध्याहून जास्त सिग्नल तिथल्या तिथे संपला, आणि ट्यूबवर ओझं पडून विरूपण वाढलं ते वेगळंच. १२एयू७ ला साडेसहा-सात के, तेही दहापटीच्या नियमात बसत नाही. तोच १२एयू७ कॅथोड फॉलोअर म्हणून (गेन न देता कॅथोडवरून सिग्नल काढून) वापरला की ५०० ओहमच्या आसपास उतरतो. मग काही काळजी नाही.

दुसरी गोष्ट आउटपुटचा कपॅसिटर. ट्यूबच्या प्लेटवर किंवा कॅथोडवर डीसी असतं, ते अडवायला हा लागतोच. हा कपॅसिटर आणि तुमचे २२ के मिळून एक हाय-पास (खालचे स्वर अडवणारा) फिल्टर होतो. ०.२२ मायक्रोफॅरड असेल तर ३३ हर्ट्झला सिग्नल ३ डेसिबलने खाली. पखवाजाची थाप आणि तबल्याच्या डग्ग्याची घुमार तिथेच पातळ होते, आणि लोक म्हणतात 'ट्यूबला बास कमी असतो'. २.२ मायक्रोफॅरड लावला की तीच मर्यादा ३.३ हर्ट्झवर जाते.

बरेच उत्पादक फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स १०० के लोडला मोजून छापतात. तेव्हा विचारताना "२२ के लोडला २० हर्ट्झला किती खाली?" असंच विचारा. बांधणारा माणूस जाणकार असेल तर लगेच सांगेल.

पिंप्राळेकर

मॅडम, हे असं कुणीच सांगितलं नव्हतं. पुण्याच्या गृहस्थांना विचारतो. आणि त्या स्वस्त ६जे१ वाल्याचं काय? रिव्ह्यू तर सगळे पाच तारे.

सोल्डरकाका

६जे१ म्हणजे ६एके५ चा चिनी अवतार. व्हॉल्व्ह वाईट नाही, रेडिओ फ्रीक्वेन्सीच्या कामाचा पेन्टोड आहे, डेटाशीटमध्ये १२० ते १८० व्होल्टवर चालवलेला. त्या छोट्या डब्यांत बाहेरून १२ व्होल्ट एसी येतं आणि आत दुप्पट करून पंचवीस-तीस व्होल्ट. व्हॉल्व्ह उपाशी. काहींत खरं काम शेजारच्या आयसीने केलेलं असतं. आणि तो सुंदर नारिंगी उजेड बघून भुलू नका, सॉकेटच्या खाली एलईडी असतो. दिवा बंद करून व्हॉल्व्हच्या वरच्या टोकाकडून बघा, खरा हीटर तिथे बारीक लाल दिसतो.

दोन-तीन हजारांत टोन कंट्रोल आणि शोभेची वस्तू म्हणून घ्यायचा तर घ्या.

केळीबाग

राम राम मंडळी. रावेर तालुक्यातून, शेतातल्या घरातून. गेन आणि इम्पिडन्स चालू द्या, पण धाग्याच्या नावातला दुसरा अर्धा भाग कुणी वाचलाच नाही. १९५ ते २५५! माझ्याकडे १२एयू७ चा प्रीअँप आहे, आणि इथे खेड्यात राहून तो चालवायचा तर सगळं डोकं विजेत घालावं लागतं. सर्किट राहतं बाजूला.

कागदावर २३० ला सहा टक्के इकडे-तिकडे, म्हणजे साधारण २१६ ते २४४. प्रत्यक्षात संध्याकाळी सगळ्या गावाचे पंखे-कूलर लागले की खाली, आणि रात्री लोड उतरला की वर. शेतीचा फीडर सुरू-बंद झाला की घरातला दिवा नाचतो.

सोल्डरकाका

केळीबाग यांनी बरोबर जागी बोट ठेवलं. हिशोब मांडतो. व्हॉल्व्हच्या हीटरला ६.३ व्होल्ट लागतात, दहा टक्के कमी-जास्त चालतं. चिनी डब्याचा ट्रान्सफॉर्मर बहुधा २२० चा असतो. घरात २५० आले तर हीटरला जवळपास ७.१६, म्हणजे साडेतेरा टक्के जास्त. २३० चा असेल तर ६.८५, हे काठावर पास. उलट संध्याकाळी १९५ ला २३० वाल्या ट्रान्सफॉर्मरवर ५.३४ उरतात. हीटर थंड पडला की कॅथोडमधून पुरेसे इलेक्ट्रॉन निघत नाहीत, आवाज मरगळतो, आणि असं रोज चाललं तर व्हॉल्व्हचं आयुष्यही जातं. जास्तीचं दुखणं वेगळं: एचटीही (व्हॉल्व्हला लागणारी उच्च व्होल्टेजची डीसी) त्याच प्रमाणात चढते, ३०० ची ३४० होते, आणि साडेतीनशे व्होल्टचे फिल्टर कंडेन्सर (कपॅसिटर) घाम गाळायला लागतात.

पिंप्राळेकर

मग पुण्याला सांगतो ट्रान्सफॉर्मरला २५० चं टॅपिंग काढा म्हणून.

सोल्डरकाका

नको त्या भरवशावर राहू. २५० च्या टॅपवर संध्याकाळचे १९५ आले तर हीटरला ४.९. व्होल्टेज कायम एकाच बाजूला चुकत असेल तर टॅपिंग कामाचं. तुमचं दोन्हीकडे डोलतंय.

केळीबाग

स्टॅबिलायझर घ्या, पण फ्रिज-एसीला लावतो तो रिलेवाला नको. तो पायरी-पायरीने बदलतो, प्रत्येक पायरीला खट्ट आवाज, आणि त्या क्षणाला स्पीकरमधूनही टिक. सर्व्हो स्टॅबिलायझर घ्या, एक केव्हीएचा. त्यात मोटर फिरून व्होल्टेज गुळगुळीत बदलते. जरा घूं करतो, म्हणून खोलीबाहेर, जिन्याखाली ठेवा. सोबत जास्त-कमी व्होल्टेजला तोडणारा प्रोटेक्टर. गावात कधी डीपीचा न्यूट्रल सुटला की क्षणात तीनशेच्या वर जातं, तेव्हा सर्व्होची मोटर पोहोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं.

इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचाच हवा. स्क्वेअर वेव्हवर ट्रान्सफॉर्मर भुणभुणतो आणि स्पीकरमधून गिरणी चालू झाल्यासारखं ऐकू येतं.

मोजूनमापून

किंवा एसएमपीएसवर (स्विचिंग पॉवर सप्लायवर) चालणारा ट्यूब प्रीअँप घ्या. अडॅप्टर १०० ते २४० चा, आत बूस्ट कन्व्हर्टरने एचटी तयार होते, हीटर रेग्युलेटेड. मेन्स १९५ असो की २३५, ट्यूबला पत्ताही लागत नाही. स्विचिंग नॉइज नीट गाळलेला असेल तर ऐकू येत नाही.

सोल्डरकाका

हे बरोबर आहे, फक्त बिघडलं तर इथे दुरुस्त कोण करणार? साधा ट्रान्सफॉर्मर भुसावळलाही वाइंड करून मिळतो.

केळीबाग

आता खरं महत्त्वाचं, जे कुठल्याच रिव्ह्यूत नसतं. लाईट जाते. जाते आणि परत येते, कधी अर्ध्या मिनिटात तीनदा. ट्यूब प्रीअँपला गरम व्हायला अर्धं-पाऊण मिनिट लागतं. तेवढ्यात आउटपुटचा कपॅसिटर चार्ज होताना आउटपुटवर धक्का जातो. एरवी आपण आधी प्रीअँप चालू करतो, मग पॉवर अँप. बंद करताना उलट, आधी पॉवर अँप. पण लाईट हा क्रम पाळत नाही. दोन्ही चालूच असतात, लाईट येते आणि तो धक्का थेट वूफरला. कोन बाहेर येऊन परत आत जातो, आपण नुसतं बघत राहतो.

उपाय विहिरीवर आहे. मोटरच्या स्टार्टरमधे नो-व्होल्ट कॉइल असते ना, लाईट गेली की स्टार्टर पडतो आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर सुरू होत नाही. तसाच एक छोटा सिंगल फेज कॉन्टॅक्टर, एक हिरवं आणि एक लाल पुश बटण, पॉवर अँपच्या लाइनमधे. लाईट गेली की पॉवर अँप सुटतो. आली तरी सुटलेलाच राहतो. प्रीअँप निवांत गरम होऊ द्यायचा, मग बटण दाबायचं. वायरमनला 'स्टार्टरसारखं होल्डिंग कर' म्हणा, बाकी काही समजवावं लागत नाही.

धुळेकरीण

वा! हे मी वर्गात सांगणार. प्रीअँपमधेही म्यूट रिले मागा. चालू केल्यावर ४५ सेकंद आउटपुट जमिनीला जोडलेला, आणि लाईट गेल्यावर लगेच परत जमिनीला. दुसरा भाग लोक विसरतात.

झटका४४०

पॉपकॉर्न संपलं. आता वही-पेन घेऊन बसलोय.

नंदनगरी

फोनोबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी. मी नंदुरबारला असतो, एलपी भरपूर. एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिजमधून पाच मिलिव्होल्टच्या आसपास येतात, ते शंभरपट तरी, म्हणजे ४० डेसिबल वाढवायचे आणि वर आरआयएए इक्वलायझेशन (रेकॉर्ड कापताना बदललेला स्वरांचा तोल परत आणणारं). त्यात २० हर्ट्झला जवळपास २० डेसिबल उचल आहे. म्हणजे ५० हर्ट्झची मेन्सची घूंघूं असेल तर तीही उचलूनच मिळते. लाइन स्टेजला चालून जाणारी ट्यूब फोनोत उघडी पडते. १२एएक्स७ पेन्सिलीने हलकं टिचकवा, स्पीकरमधून टण्ण येतं. मायक्रोफोनिक ट्यूब म्हणतात ती हीच. एकाच डब्यात एकाच ट्रान्सफॉर्मरशेजारी फोनो आणि लाइन असलं की चाळीस हजारांत ते शांत होणं अवघड. माझं मत: फोनो स्टेज वेगळा आणि ट्रान्झिस्टरचा घ्या, लाइन स्टेज हवा तर ट्यूबचा. पहिल्या पोस्टमधला दुसरा पर्याय मी बाद करतो.

आणि एलपी उन्हाळ्यात माळ्यावर होत्या म्हणता? आधी त्या सपाट आहेत का ते बघा.

पिंप्राळेकर

काही बशीसारख्या झाल्यात :( बाकी ठीक.

घूंघूं ओळखायची कशी? सध्या प्रीअँप नाही तरी बारीक हम आहे.

धुळेकरीण

जाड, खालच्या पट्टीतला सलग हम म्हणजे ५० हर्ट्झ, बहुधा अर्थ लूप (उपकरणं एकाहून जास्त वाटांनी अर्थला जोडल्याने होणारा फेरा). खरखरीत, करकरीत असेल तर १०० हर्ट्झ, तो पॉवर सप्लायच्या फिल्टरमधून येतो. तुमचा पहिला असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. टीव्ही त्याच सिस्टीमला जोडला असेल तर केबलची गोल वायर काढून बघा. बहुतेक वेळा तिथेच सुटतं.

सोल्डरकाका

आणि अर्थिंग. न्यूट्रल आणि अर्थमधे मल्टिमीटर लावा. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर अर्थिंगचा खड्डा सुकला असण्याची शंका घ्या. कोळसा-मीठ घातलेला खड्डा आपल्याकडे मार्चपासून कोरडा ठणठणीत होतो. आठवड्यातून एकदा दोन बादल्या पाणी घाला. हम जावो न जावो, पण तीनशे व्होल्ट एचटीच्या डब्याला चांगला अर्थ असलाच पाहिजे. हम जातो म्हणून प्लगची अर्थची पिन काढणारे लोक आहेत. तसलं काही करू नका.

पिंप्राळेकर

उन्हाचं काय? ४५ च्या दिवसांत ट्यूब चालू ठेवायची की नाही?

सोल्डरकाका

व्हॉल्व्हला उन्हाचं काही नाही, तो मुळातच भट्टी. मरतात इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. दहा अंश तापमान वाढलं की आयुष्य निम्मं, असा साधा आडाखा आहे. ८५ डिग्रीचे नकोत, १०५ डिग्रीचे घाला, आणि व्हॉल्व्हपासून लांब. डबा शोकेसमधे कोंबायचा नाही, वर वीतभर मोकळी जागा.

एक आणखी. तळाशी हवेसाठी भोकं असतात, त्यांना आतून बारीक जाळी लावून घ्या. पाली उबेला येतात. एक पाल एचटी आणि चासिसच्या मधे आली की पाल जाते आणि सोबत रेझिस्टरही. जुन्या रेडिओंमधून कितीतरी वाळलेल्या काढल्यात मी.

झटका४४०

भुसावळच्या पालीसुद्धा हाय-फाय!

नगरदेवळेकर_सध्या_पुणे

ट्यूब कुठल्या घ्याव्यात तेही सांगा ना कुणी. मी रोलिंगच्या (ट्यूब बदलून-बदलून ऐकण्याच्या) नादात बराच खर्च केलाय.

सोल्डरकाका

प्रीअँपमधे रोलिंगचा नाद शेवटी. आधी चालू उत्पादनातले घ्या. स्लोव्हाकियाचे जेजे, रशियातल्या साराटोव्हच्या कारखान्यातले इलेक्ट्रो-हार्मोनिक्स आणि सोव्हटेक, चीनचे स्वेन. २०२२ मधे रशियाने निर्यात रोखली तेव्हा सगळ्यांचीच तारांबळ उडाली होती, म्हणून एक जोडी कपाटात जास्तीची ठेवा.

आपल्या बेलने, म्हणजे बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने, रेडिओच्या काळात बनवलेले ईसीसी८३, ईसीसी८२ अजून सापडतात आणि उत्तम असतात. ईसीसी८३ म्हणजेच १२एएक्स७, ईसीसी८२ म्हणजे १२एयू७. जळगावच्या गोलाणी मार्केटमधे आता मोबाइलच दिसतात, पण जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांच्या ड्रॉवरमधे विचारून बघा. खोक्यावर जाऊ नका, काचेच्या टोकाकडचा चंदेरी डाग बघा. तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरलीय.

आणि दोन धोके. १२एएक्स७ आणि ६डीजे८ एकाच नऊ पिनच्या सॉकेटमधे बसतात म्हणून अदलाबदल करू नका, हीटरची जोडणी वेगळी आहे. आणि ६डीजे८ च्या जागी रशियन ६एन१पी घालायचा सल्ला नेटवर मिळतो. ६डीजे८ चा हीटर ३६५ मिलिअँप घेतो, ६एन१पी ६००. ट्रान्सफॉर्मर तेवढा भक्कम नसेल तर तो तापतो.

पिंप्राळेकर

मंडळी, पुण्याशी सविस्तर बोललो. प्रश्नांची यादी वाचून दाखवली तर ते गृहस्थ म्हणाले, 'तुम्हाला हे कुणी शिकवलं?' ठरलं ते असं: दोन ६एसएन७, फीडबॅक लावून गेन तीनपट, आउटपुट कॅथोड फॉलोअर, कपॅसिटर २.२ मायक्रोफॅरड. हीटर डीसी आणि रेग्युलेटेड. म्यूट रिले ४५ सेकंदांचा, जाण्या-येण्या दोन्हीला. मोजूनमापून यांच्या समाधानासाठी मागे बायपासचा स्विच, तो टाकला की नुसता पॉट. फोनो वेगळा. प्रीअँप बजेटमधे बसतोय, सर्व्होचे पैसे वरून. कॉन्टॅक्टर रावेरच्या पद्धतीने इथला वायरमन बसवतोय.

फोनो कुठला ते टर्नटेबल आल्यावर विचारेन.

मोजूनमापून

बायपास बघून डोळे भरून आले. दोन्ही बाजू सारख्या आवाजावर आणून ऐका आणि इथे लिहा. ट्यूब जिंकली तरी लिहा.

धुळेकरीण

एकच: दोन ६एसएन७ चे हीटर मिळून १.२ अँपिअर घेतात. रेग्युलेटरवर तीन-चार व्होल्ट पडले तरी चार-पाच वॅट उष्णता. मेन्स चढली की त्याहून जास्त. तो रेग्युलेटर मागच्या पत्र्यावर, बाहेरून पंख असलेल्या हीटसिंकवर बसवायला सांगा. मे महिन्यात आतल्या आत तापून तो बंद पडला तर तुम्ही ट्यूबला दोष द्याल.

पिंप्राळेकर

सांगतो. डबा कुरिअरने येणार आहे. आल्यावर थेट लावू का?

सोल्डरकाका

थेट नको. व्हॉल्व्ह वेगळे पॅक करून पाठवायला सांगा, प्रवासात सॉकेटमधे बसवलेले नकोत. आल्यावर झाकण उघडून सुटलेला स्क्रू किंवा सोल्डरचा तुकडा आत पडलाय का बघा.

मग सिरीज बल्ब. साधा साठ वॅटचा पिवळा बल्ब, एलईडी नाही, फेजच्या वायरमधे मालिकेत. पॉवर अँप जोडायचा नाही. स्विच टाकला की बल्ब क्षणभर लख्ख पेटेल आणि मंद होईल. मंद राहिला तर ठीक. लख्खच राहिला तर लगेच बंद, आत कुठेतरी शॉर्ट आहे. ठीक असेल तर बल्ब काढून सरळ मेन्सवर लावा, दहा मिनिटं चालू ठेवून वास घ्या, मग आउटपुटला मल्टिमीटरने डीसी बघा. शून्याच्या जवळ हवं. मग बंद करून पॉवर अँप जोडा.

बंद केल्यावरही फिल्टर कंडेन्सरमधे तीनशे व्होल्ट काही वेळ थांबतात. ब्लीडर (साठलेला चार्ज रिकामा करणारा) रेझिस्टर असला तरी मीटरने मोजून खात्री करा, आणि आत हात घालायचाच तर एकच, दुसरा खिशात.

साठ वॅटचा पिवळा बल्ब हल्ली दुकानात सहज मिळत नाही. माझ्याकडे होल्डरसकट बोर्ड तयार आहे. रविवारी भुसावळला या, घेऊन जा.